माणेक चौकात मुक्काम

जुन्या शहरात दोन-तीन दिवसांसाठी निघालेलं जोडपं बहुधा दोन याद्या घेऊन निघतं. एक बघण्याची, दुसरी खाण्याची. दोन्ही याद्या एकमेकींच्या वेळेवर टपलेल्या असतात, आणि सहलीतली भांडणं होतात ती त्यामुळेच. एकाला आणखी एक घुमट बघायचा असतो, दुसऱ्याला भूक लागलेली असते. यावर माझं म्हणणं एवढंच, की जुन्या शहरात ठिकाणं बदलत पळू नये. एक परिसर धरावा आणि तिथे सकाळची दुपार, दुपारची रात्र होऊ द्यावी. बघणं आणि खाणं ही मग वेगळी कामं राहतच नाहीत.

अहमदाबादचा माणेक चौक यासाठी नामी आहे. सकाळी तिथे भाजीबाजार असतो, दुपारी सराफ बाजार, आणि रात्री त्याच जागेवर खाऊगल्ली. शेजारी शहराचा सगळा जुना कारभार आहे. पहिल्या अहमदशहाने १४११ मध्ये हे शहर वसवलं. त्याने बांधलेली १४२४ ची जामा मशीद चौकापासून चालत काही मिनिटांवर आहे, २६० खांबांची. तिच्या पूर्वेला खुद्द अहमदशहाची कबर, आणि पुढे राण्यांच्या कबरी. त्या कबरींना कापडाच्या नि दागिन्यांच्या दुकानांनी असा वेढा घातलाय, की ओढणीचा भाव करणारी बाई आणि पंधराव्या शतकातली राणी यांच्यात एका भिंतीचं अंतर उरतं. सकाळी जुन्या शहरात फाफडा-जिलेबी खावी. सोबत कच्च्या पपईचा संभारा आणि तळलेली मिरची येते. दोघांत एक पुडा पुरतो. मग पोळांच्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांच्या, गल्ल्यांतून लाकडी कोरीव घरं आणि कबुतरांचे चबुतरे बघत मशिदीपर्यंत यावं. रात्री सराफांची शटरं खाली आली, की त्यांच्याच पायऱ्यांपुढे टेबल-खुर्च्या मांडल्या जातात. भल्याथोरल्या तव्यावर बटरची अख्खी वडी पडते, कडेला सारून ठेवलेली भाजी मध्ये ओढली जाते, आणि लोखंडी ठेचणीचा ठणठणाट सुरू होतो. दुपारी सोनं तोललं गेलं त्याच जागी कुल्फी कापली जाते. टॅक्सीने एकदाच चक्कर मारली, तर यातलं एकच रूप दिसेल.

वेळ बदलली की वास्तूही वेगळी दिसते. सिदी सय्यद मशिदीची झाडाची जाळी १५७३ च्या सुमाराची. ती पश्चिमेच्या भिंतीत आहे. सकाळी रस्त्यावरून फोटो काढून निघालात, तर दगडातलं कोरीवकाम दिसतं. पण आतल्या बाजूने, उन्हं कलल्यावर, फांद्यांच्या मधून उजेड आत येतो, आणि ती जाळी कशासाठी आहे ते कळतं. काही गोष्टी तर थांबल्याशिवाय दिसतच नाहीत, जसा भद्र किल्ल्यापुढचा तीन दरवाजा. खालून गर्दी वाहत असते, वर कुणी मान करत नाही. तिथे मराठी माणसाने तरी थांबायलाच हवं. अहमदाबादेत पेशवे आणि गायकवाडांचा अंमल असताना, १८१२ मध्ये, चिमणाजी रघुनाथ या सुभेदाराने त्या वास्तूवर देवनागरीत हुकूम कोरवला, की वडिलांच्या मिळकतीतला वाटा मुलीला विनाअडथळा द्यावा. चुकेल त्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्लापुढे जाब द्यावा लागेल. नवरा-बायकोने सोबत उभं राहून वाचावं असं याहून मोलाचं या शहरात मला काही दिसत नाही. यादी घेऊन धावणाऱ्यांच्या नजरेतून नेमका तोच दगड सुटतो.

कुणी म्हणेल, एवढा खर्च करून गेल्यावर १४९९ ची अडालजची पायविहीर आणि साबरमती आश्रम सोडायचे का? सोडू नयेत, एक सकाळ त्यांना द्यावी. पण सगळे दिवस असेच वाटले, तर २०१७ मध्ये जागतिक वारसा ठरलेलं शहर आपल्यासाठी दोन स्थळांमधला रस्ता होऊन बसतं. वारसा म्हणून मान मिळाला तो एखाद्या घुमटाला नव्हे, वस्ती असलेल्या शहराला. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: माणेक चौकात आज मिळतं काय, तर मुंबईहून आलेली पावभाजी आणि चीज किसलेलं चॉकलेट सँडविच, यात इतिहास कुठे? मलाही ते सँडविच आवडणार नाही. पण अहमदशहाच्या काळात बटाटा, टोमॅटो, मिरची यातलं काहीच हिंदुस्थानात नव्हतं. ते पुढे समुद्रापलीकडून आलं. नवं आलेलं रिचवणं हाच व्यापारी पेठेचा जुना धर्म. पेठेने तो सोडला, तर तिथे नुसत्या कबरी उरतील.

तेव्हा जायचं ठरलं, तर मुक्काम जुन्या शहरात, एखाद्या पोळातल्या वाड्यात करा, आणि पहिल्या रात्री हॉटेलात जेवू नका. माणेक चौक रंगायला साडेनऊ तरी वाजतात.