गोधडी धाब्यावर, डायपर काळ्या पिशवीत

घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, ही बातमी आमच्या गल्लीला गोधडी द्यायची. घराच्या धाब्यावर रोज सकाळी तीच गोधडी वाळत पडलेली दिसली की शेजारच्या बाया मायला हटकायच्या, "आप्पासनं कसं शे?" लपवाछपवी नव्हती. गाव तापीकाठचं, प्रकाशा गावाच्या अलीकडचं. तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. १ जुलै १९९८ला तो वेगळा झाला, तोवर आम्ही धुळे जिल्ह्याचे. मोठं दुखणं निघालं तरच धुळ्याच्या सिव्हिलची वाट धरायची. रात्री अंथरुणात लघवी होणं हे त्या मोठ्या दुखण्यांत धरलंच जात नसे. वय झालं, एवढंच निदान.

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, सुतळीच्या बाजेवर निजायचे. बाजेवर गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी. खालच्या सारवलेल्या जमिनीवर माय चुलीची राख पसरून ठेवायची. निथळलेलं राखेत जिरायचं, सकाळी राख उकिरड्यावर जायची आणि जमिनीवरून पुन्हा शेणाचा हात फिरायचा. बाजेतून हवा खेळायची, हा तिचा खरा गुण. पाठ ओली राहत नसे. आजच्या फोमच्या गादीला हे जमत नाही, तिच्यात मुरलेला वास उन्हानंही निघत नाही.

मायचे हात मात्र मला अजून दिसतात. कंदिलाची वात वर करायची, आप्पांना एका कुशीवर घ्यायचं, ओली गोधडी लांबीच्या बाजूनं गुंडाळत त्यांच्या पाठीपर्यंत सरकवायची. कोरडी गोधडी तशीच अर्धी गुंडाळून तिच्या शेजारी ठेवायची. मग आप्पांना दुसऱ्या कुशीवर वळवायचं, ओली ओढून काढायची आणि कोरडी पसरायची. माणूस उचलावा लागायचा नाही. पलंगावरच्या रुग्णाची चादर बदलायला नर्सला हीच रीत शिकवतात. मायला ती कुणी शिकवली, कुणास ठाऊक. आप्पा ओशाळून तिला झोपायला सांगायचे, "बेटा, तू जपी जाय, माले काय व्हयनं नही." ती काही न बोलता कंदील बारीक करायची.

आता "तेव्हा घरात माणसं होती" असं आम्ही सगळेच म्हणतो. होती, खरंच होती. वाड्यात पंधरा-वीस जण निजायचे. पण रात्री उठायची ती एकटी माय. चुलते जागे असले तरी कूस बदलायचे, आणि माझे वडील, आप्पांचा सख्खा मुलगा, त्या बाजेपाशी रात्री कधी आल्याचं मला आठवत नाही. तीच माय पहाटे गोधडी नदीवर धुवायची आणि मग मिरची तोडायला जायची. एकत्र कुटुंबाचं कौतुक करताना हा हिशेब आपण सोयीनं गाळतो.

आज तीच माय आमच्या शहाद्याच्या घरात, पलंगावर आहे. माझा मुलगा पुण्याला, पुतणे सुरतेला. घरात मी आणि बायको. औषधाच्या दुकानात मोठ्यांचं डायपर मागितलं की दुकानदार न विचारता काळी पिशवी काढतो. सप्टेंबर २०२५मध्ये त्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, बरं झालं. तरी रात्रीला एक धरलं तर महिन्याचा खर्च हजाराच्या आसपास जातो. श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांवर दिवस काढणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्याच्या म्हातारीनं हे कुठून आणायचं? तिच्याकडे आजही गोधडीच आहे.

मला या काळाचा खरा फायदा डायपरमध्ये दिसत नाही. "वय झालं" यावर आता कुणी थांबत नाही, हा तो फायदा. मायचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे. डॉक्टरांनी समजावलं, दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर काढतात. म्हणून दुपारी पाय उशीवर ठेवायला लावले आणि रक्तदाबाची 'पाण्याची गोळी' संध्याकाळऐवजी सकाळी दिली. साखर तपासली. लघवीत जंतू आहेत का तेही पाहिलं, कारण म्हाताऱ्या माणसात जंतुसंसर्गाची पहिली खूण कधी कधी जळजळ नसते, एकदम भ्रमिष्टासारखं बोलणं असते. पोट साफ नसलं तरी आतडं मूत्राशयावर दाबतं. आप्पांची बहुधा प्रोस्टेटची गाठ वाढली असावी, असं आता वाटतं. ते तेव्हा कुणी पाहिलंच नाही.

एका बाबतीत मात्र डॉक्टरांचं मायपुढे चालेना. रात्री ओलं नको म्हणून तिनं दिवसाचं पाणीच तोडलं होतं. पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चावते आणि उलट जास्त वेळा लागते. हे तिला पटायला वेळ लागला. आता दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळचा चहा बंद, निजायच्या आधीचे दोन-तीन तास फक्त गोळीपुरता घोट. चहावरून अजून कुरकुर आहे.

गावच्या घरी स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांतून संडास झाला, पण तो अंगणाच्या टोकाला, उंच पायरीचा, उकिडवं बसायचा. गुडघे गेलेल्या बाईनं रात्री तिथवर जाणं म्हणजे खुब्याचं हाड मोडून घेणं. म्हणून माय इथं; पलंगाशेजारी भांडं बसवलेली खुर्ची आणि भिंतीत छोटा दिवा. पलंगावर अंडरपॅड, आणि डायपर काढल्यावर कोमट पाण्यानं पुसून, कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम.

राहिला कचऱ्याचा प्रश्न. घनकचरा नियमांप्रमाणे डायपर वेगळं गुंडाळून द्यायचं. शहरात घंटागाडी येते. गावात त्याचं काय करायचं हे कुणीच सांगत नाही, नाल्याकाठी कुत्री पिशव्या फाडतात. राख निदान उकिरड्यातून शेतात जायची.

मी डायपर बदललेलं मायला चालत नाही. मुलानं हे करायचं नाही, यावर ती ठाम आहे. त्यामुळे कूस वळवणं, पॅड सरकवणं, दिवा, बादली माझ्याकडे, बाकीचं बायकोकडे. चादर बदलताना माय पडल्या पडल्या आम्हाला शिकवते, "आधी कूस, मंग गोधडी." नऊवारी सोडून समोरून उघडणारा गाऊन घालायला ती महिनाभर भांडली. शेवटी तोडगा तिनंच काढला. रात्री गाऊन, आणि सकाळी सात वाजायच्या आत लुगडं. पाहुणे कधीही येऊ शकतात, असं तिचं म्हणणं.