रुळांच्या कडेचे रान

बेळगावकराला गोव्याची वाट नवी नाही. कुणाची कुलदेवता तिकडे, कुणाची लेक तिकडे दिलेली, तर कुणाचा चार पिढ्यांचा व्यापार तिकडचा. चोर्ल्याच्या घाटाने मोटारी धावू लागल्या, तरी लोंढ्यावरून आगगाडीने गोव्यात उतरण्याची मौज आम्हांस अन्यत्र आढळली नाही. प्रवासी साधारणपणे दूधसागर येईपर्यंत डुलक्या घेतात आणि तो ३१० मीटरांचा शुभ्र प्रपात दिसला की खिडकीशी गर्दी करतात. पावसाळ्याच्या अखेरीस केलेल्या एका प्रवासात आम्ही मात्र मुद्दाम रुळांच्या कडेकडेच पाहत गेलो.

कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरांचा ब्रागांझा घाट. १८८८ साली येथून गाडी सुरू झाली. १९६१ पर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीचे ठाणे होते. आज येथे कर्नाटक संपतो आणि गोवा लागतो, इतकेच. सदतीस फुटांस एक फूट असा हा चढ असल्याने गाडीस जादा इंजिने जोडावी लागतात. एका बाजूस कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूस खोल दरी, मध्ये बोगद्यांमागून बोगदे. खाली गोव्यात भगवान महावीर अभयारण्य आणि त्याच्या पोटातले मोले राष्ट्रीय उद्यान, वर कर्नाटकात काळी व्याघ्र प्रकल्प. दोन्हींच्या मधून ही लोखंडी रेषा जाते.

रेषेच्या दोन्ही अंगांस जी जमिनीची पट्टी आहे तिला आपण पडीक समजतो. वस्तुतः ती रेल्वेचे चिलखत होय. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला तर ती सुटते. पानांवरून, पाचोळ्यावरून उतरला तर हळूहळू मुरतो. मुळे मातीला धरून ठेवतात. पाणी डोंगराच्या पोटात साचून राहिले, की माती जड होते, तिची पकड सुटते आणि दरड कोसळते. २०२१ च्या जुलैत याचा प्रत्यय आला. महापुराने कोकण रेल्वेचा मार्ग बंद पडला, म्हणून मंगळूरहून मुंबईस जाणारी गाडी याच घाटाने वळविली होती. २३ जुलैस दूधसागराच्या परिसरात दरडीमुळे तिचे डबे घसरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. एका वाटेला पुराने अडविले आणि दुसरीला डोंगराने. थोड्या वेळात प्रचंड पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढत असता, पर्यायी मार्गही तितकाच सुरक्षित राहिला पाहिजे, हा त्या दिवसाचा धडा.

मग ही पट्टी राखावी कशी? सरसकट कापून काढणे हा उपाय नव्हे, आणि सरसकट मोकळे सोडणे हाही नव्हे. रुळांखालची खडी स्वच्छच हवी. तीत तण माजले तर पाण्याचा निचरा होत नाही. खडीच्या पलीकडे आखूड गवत, त्यापुढे झुडुपे आणि मग उंच झाडी, अशी पायरीपायरीने चढती रचना असावी. कड्याच्या टोकावर ओणवलेले वठलेले झाड वेळीच उतरवावे, परंतु त्याच्यासाठी शेजारची दहा निरोगी झाडे पाडू नयेत. गवताचे बी पडून गेल्यावर ते कापावे आणि कापलेले उचलून न्यावे. वाळून पडले तर उन्हाळ्यात वणव्यास सरपणच. परदेशाहून येऊन येथे माजलेली रानमोडी फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावी. तिच्या जागी कारवीसारखी इथलीच झुडुपे वाढू द्यावीत; उतारावर वाळा लावावा, त्याची मुळे पुरुषभर खोल जातात. डोंगरमाथ्याकडील पाणी अडवून बाजूस नेणारी गटारे पावसाळ्यापूर्वी उपसलेली असावीत. भिंती आणि जाळ्या आवश्यक आहेतच. पण त्या रानाच्या जोडीला हव्यात, रानाऐवजी नव्हेत.

याच पट्टीत गवे कोवळ्या गवतासाठी येतात. दोन्ही बाजूंस कड असलेल्या खोदणीत गाडी गाठली, तर जनावरास निसटायला जागा नसते. म्हणून मोऱ्या गाळाने बुजू न देता त्यांच्या काठाने कोरडी वाट राखणे आणि जनावरांच्या ठरलेल्या वाटांवर गाडी सावकाश नेणे, ही कामे घाटाच्या देखभालीतच धरली पाहिजेत.

मुरगाव बंदरातून कोळसा वाहणाऱ्या मालगाड्यांसाठी येथे दुसरी लोहवाट टाकण्याची योजना निघाली तेव्हा गोव्यात मोठा विरोध झाला. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मंजुरी रद्द केली. मात्र जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्यास मुभा ठेवली. रेल्वे नको, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. हिच्याच आधाराने आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांस भेटत आली आहेत. परंतु नवा डोंगर कापण्यापूर्वी कापलेला डोंगर नीट राखला जातो की नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रवाशालाही आहे.

अधिकाराबरोबर कर्तव्यही येते. २०२३ च्या जुलैत दूधसागर पाहण्यासाठी रुळांवरून चालत निघालेल्या तरुणांना पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्या. आमच्या व्यवसायातील हे जुने हत्यार पाहून हसू आले खरे. पण आम्ही सभ्य प्रवासी खिडकीतून पिशव्या आणि उष्टे फेकतो, त्याने माकडे रुळांवर येतात, मोऱ्यांची तोंडे बुजतात, त्याला कोणती शिक्षा? घरून नेलेला डबा घरीच परत आणावा, कागद पिशवीत ठेवावा, मुलांना दूधसागराबरोबर रुळांकडेची कारवीही दाखवावी. घाट उतरताना ज्या रानाने आपल्याला सांभाळले, त्याची एवढी तरी जाण असावी.