कुसळीचा कागद

बेंथम आणि हूकर यांच्या क्रमाने लावलेल्या वनस्पतिसंग्रहात गवतांची पाळी सगळ्यांत शेवटी येते. आंबा, कमळ, वड मागे टाकत थेट टोकाच्या कपाटाशी जावं आणि कुसळीची घडी उघडावी. जाड कागदावर टाचलेला वाळका ठोंब, मुळांत राहिलेली थोडी माती आणि शेंड्याला काळपट कुसळांचा गुंता. माळावरही ती अशीच एकमेकांत पीळ घालून असतात.

त्या पिळातच कुसळीचं कसब आहे. कुसळ ओलं झालं की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने टोकदार दाणा मातीत रुतत जातो. टोकाशी मागे वळलेली लव असते, त्यामुळे आत गेलेला दाणा परत फिरत नाही. मेंढीच्या लोकरीतून तो कातडीतही असाच घुसतो. कोवळेपणी कुसळी चांगला चारा, पण कुसळं धरली की मेंढपाळ कळप दुसरीकडे वळवतो. या हालचालीला जीव लागत नाही, नुसती ओल पुरते. म्हणजे कपाटातलं जुनं कुसळही दमट हवेत जरा हलत असणार. मला हे फार विलक्षण वाटतं.

लिनिअसने १७५३ साली ही जाती नोंदली. आपल्याकडच्या गवतांवर ब्लॅटर आणि मॅकॅन यांचा मोठा ग्रंथ १९३५ साली आला. तो पाहायला ब्लॅटर नव्हते. वनस्पतिशास्त्रज्ञ भिडे यांच्या आडनावावरून तर गवतांच्या एका प्रजातीला 'भिडिया' नाव मिळालं. अशा माणसांनी चिकाटीने कागद जमवले, म्हणून आज काही ताडून बघता येतं.

खरा ऐवज असतो कोपऱ्यातल्या चिठ्ठीत: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक. पण जे गवत पावलोपावली दिसतं, त्याचा नमुना घ्यायला कोणी वाकत नाही. दुर्मिळासाठी मात्र कडे चढतात. हे मला पटत नाही. दख्खनच्या माळांवर मूळ मान पवना आणि मारवेल यांचा. चराई आणि वणवे वाढले की ती मागे हटतात आणि कुसळी पसरते. एखाद्या टेकडीवर ती कधी तुरळक होती आणि कधी माजली, हे सांगायला तारखेचा कागदच हवा. तो नसेल तर उरतात फक्त आठवणी, आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या.

पावसाळा सरल्यावर, कुसळं गळण्याआधी, वनस्पतिशास्त्राची मुलं माळावर निघतात. त्यांनी एक ठोंब कुसळीचाही मुळासकट उपटावा. चिठ्ठीवर गावाबरोबर शिवाराचं नाव घालावं, शेजारी कोणती गवतं होती ते लिहावं, गुरं चरत होती का, जमीन जळलेली होती का, तेही लिहावं. आणि हे सगळं माळावर उभं असतानाच लिहावं. घरी आल्यावर निम्मं निसटलेलं असतं.