शपथ, सर्टिफिकेट आणि मिरची

मी आणि माझा जिल्हा एकाच वर्षी जन्मलो. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि त्याच वर्षी मीही झाले. त्यामुळे दर वाढदिवसाला आजोबांचा एकच डायलॉग असायचा, 'तुम्ही दोघं बरोबरीचे. बघू, कोण पुढं जातं!' मी पुढे गेले. म्हणजे पुण्याला गेले.

पुण्यात मास कॉम केलं, दोन वर्षं एका चॅनेलच्या डेस्कवर रात्रपाळ्या काढल्या आणि मग फ्रीलान्सिंग सुरू केलं. फ्रीलान्सिंग म्हणजे काय, तर लेख दोन दिवसांत द्यायचा आणि चेकची वाट दोन महिने बघायची. या धंद्यात मला माझी एक लाइन सापडली होती, 'ग्रीन' लेखांची. 'ऑफिसात हिरवं राहण्याचे सात सोपे उपाय', 'वीकेंडला पृथ्वी कशी वाचवाल?' वगैरे. स्टीलची बाटली, कापडी पिशवी, बांबूचा टूथब्रश. तुम्ही वाचले असतील. नसतील, तर फार काही बिघडलं नाही.

याच लाइनमध्ये २०२१ मध्ये मी एक शपथ घेतली. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' अभियानाची ती ई-शपथ होती. दोन-तीन क्लिक केले आणि माझ्या नावाचं मस्त हिरवंगार सर्टिफिकेट आलं. मी ते स्टेटसला टाकलं, त्याला बरेच अंगठे मिळाले आणि विषय संपला. आज मला कुणी विचारलं, की बाई, शपथ नक्की कशाची घेतली होतीस, तर मला सांगता येणार नाही. दिव्यांचं काहीतरी होतं बहुतेक.

आता फास्ट फॉरवर्ड. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. आभाळ भरून आलेलं, हवा एकदम रोमँटिक. मी आणि माझी रूममेट कांदाभजी तळत होतो. मी कढईचा व्हिडिओ काढला, 'नोव्हेंबरमध्ये भजी वेदर, लव्ह इट!' असं लिहिलं आणि स्टेटसला टाकला.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. मामा ओल्या लाल मिरचीचा छोटा व्यापारी आहे. नंदुरबारची मिरची तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात. व्यापारी ती विकत घेतात आणि शहराच्या आजूबाजूच्या मोकळ्या मैदानांवर वाळत घालतात. या मैदानांना आमच्याकडे पथारी म्हणतात. लांबून बघितलं तर जमिनीवर कुणी लाल गालिचा अंथरलाय असं वाटतं. जवळ गेलं की शिंका येतात. त्या गालिच्यावर दिवसभर बायका बसलेल्या असतात, मिरची उलटायची, निवडायची, देठ खुडायचे. मामीही त्यातच. हाताची आग संध्याकाळी तेल लावूनही जात नाही.

हे सगळं काम एका गोष्टीवर चालतं. दिवाळीनंतर पाऊस येत नाही, या विश्वासावर. त्या नोव्हेंबरच्या शेवटी उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पावसानं तो विश्वास धुऊन नेला. भिजलेली मिरची काळी पडते, नाहीतर बुरशी धरते, आणि मग तिला कुणी विचारत नाही.

मामा चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, 'बेटा, तुझी भजी पाहिली. आमच्याकडे तर सगळं तिखट वाहून चाललं.'

मी स्टेटस डिलीट केलं. त्यानं काय होणार होतं म्हणा!

मामाचं त्या वर्षीचं भांडवल गेलं. मामेभावाचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं, त्याची फी मामीच्या पाटल्यांतून भरली गेली. आणि पथारीवरच्या ज्या बायकांच्या हाती पाटल्याच नव्हत्या, त्यांचे आठ-दहा दिवस मजुरीविना गेले. त्यांचं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. पंचनामा पिकाचा होतो, खुडायच्या राहिलेल्या देठांचा होत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका संपादकांनी मला काम दिलं. विषय होता, आपली शहरं हवामान बदलासाठी काय काय कबूल करून बसली आहेत. 'जरा लाइट ठेव,' ते म्हणाले. मी बसले कागद घेऊन.

आकडे तर जोरदार होते. 'माझी वसुंधरा' २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, पंचमहाभूतांच्या नावानं. भूमी म्हणजे झाडं आणि कचरा, वायू म्हणजे हवेची शुद्धता, जल म्हणजे पाणी, अग्नी म्हणजे ऊर्जा आणि आकाश म्हणजे जनजागृती. प्रत्येकाला मार्क. पहिल्याच फेरीत ६८६ स्थानिक संस्था उतरल्या, त्यात २९१ ग्रामपंचायती. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या सुमारास राज्यातली ४३ 'अमृत' शहरं 'रेस टू झिरो' या जागतिक मोहिमेत सामील झाली. म्हणजे कबुली अशी, की २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन निम्म्यावर आणायचं आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर. जेवढा धूर सोडू तेवढाच शोषून घेऊ, हिशोब बरोबर. देशानं स्वतःसाठी २०७० साल धरलंय, त्याच्या वीस वर्षं आधी. मुंबईनं तर मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडाच काढला.

आणि 'अमृत'च्या यादीवर बोट फिरवता फिरवता थबकले. नंदुरबार! लाखभर वस्तीचं माझं गाव लंडन-पॅरिसच्या पंगतीला बसलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

खरं सांगू? छाती फुगली. मी लगेच मामाला फोन लावला.

'झिरो म्हणजे काय गं?' मामा.

मी समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

'आपल्याकडं धूर निघतो किती? वरच्या पाड्यांवर जा. एक बल्ब, एक चूल. ते लोक तर पहिल्यापासून झिरोच्या जवळच बसलेले आहेत. २०५० पर्यंत धूर थांबवा, चांगलंच आहे. पण यंदाच्या पावसाचं काय करू?'

या प्रश्नावर माझ्याकडे सात सोपे उपाय नव्हते.

मामाला नेमकी जी गोष्ट कळली होती, ती मला माझ्या सगळ्या ग्रीन लेखांमध्ये कळली नव्हती. हवामान बदलाची कामं दोन आहेत. एक, धूर कमी करणं. दुसरं, जी झळ बसतेच आहे ती सोसायची तयारी करणं. हवा १ अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, मग पाऊस पडतो तेव्हा एकदम ओततो. एखादा पाऊस नेमका कशामुळे आला ते छातीठोक सांगणं अवघड असतं, पण पत्ते कसे पिसले जातायत ते आता स्पष्ट आहे. पहिलं काम मोठ्या शहरांनी, कारखान्यांनी, आपण एसीवाल्यांनी करायचं. दुसरं काम मात्र गावोगावी, गल्लोगल्ली करावं लागतं आणि ते सर्टिफिकेटनं होत नाही.

मग कशानं होतं? याचं उत्तर माझ्याच जिल्ह्यात पडून होतं.

तुम्ही 'स्वदेस' पाहिलाय ना? शाहरुख पाण्यावर वीज तयार करतो आणि म्हातारीच्या घरात दिवा लागतो? त्या सीनची प्रेरणा म्हणून ज्या गावाचं नाव घेतलं जातं ते बिलगाव, आमच्या धडगाव तालुक्यातलं, सातपुड्यातलं. २००३ मध्ये तिथल्या आदिवासींनी श्रमदानातून, केरळहून आलेल्या तरुण इंजिनिअर्सच्या मदतीनं, उदई नदीवर १५ किलोवॉटचं छोटं वीजकेंद्र उभं केलं. घराघरांतून माणसं राबली. ना डिझेल, ना कोळसा. 'नेट झिरो' हा शब्द आपल्या कानावर यायच्या कितीतरी आधी. सिनेमा आला २००४ मध्ये. आणि ऑगस्ट २००६ मध्ये सरदार सरोवराचा फुगवटा चढला आणि ते केंद्र पाण्याखाली गेलं. सिनेमाचा शेवट गोड आहे. गावाचा शेवट सिनेमात नाही.

मी ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचते. गाव ठरवतं तेव्हा काय करू शकतं, हेही त्यात आहे. आणि वरचे निर्णय गावाला न विचारता झाले तर केलेलं कसं बुडतं, हेही.

सुदैवानं न बुडालेलीही उदाहरणं आहेत. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं शेकडो एकर जंगल राखलं, त्यासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी गोंदिया जिल्ह्यातली डव्वा ही ग्रामपंचायत हवामान कृतीसाठीच्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारात देशात पहिली आली. म्हणजे ग्रामपंचायत ही फक्त दाखले देणारी खिडकी नाही तर!

हे सगळं मी मामाला फोनवर ऐकवत होते. तो म्हणाला, 'मग तू ये ना ग्रामसभेला. तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे.'

होतं खरं. पुण्यात नाव बदलून घ्यायचा आळस मी पाच वर्षं केला होता. गावच्या मतदार यादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, हे मी पहिल्या वर्षाच्या पेपरात दोन मार्कांसाठी लिहिलं होतं. स्वतःला लावून कधी बघितलं नव्हतं.

गेल्या १५ ऑगस्टला गेले. रातराणीनं अवघडलेली पाठ घेऊन, बॅगेत प्रिंटआउट्स घेऊन. झेंडावंदन झालं, शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. माझी पाळी आली. मी तीन-चार मिनिटं बोलले, ग्लासगो, नेट झिरो, पंचमहाभूतं. पीपीटी नव्हती एवढीच कमी. सगळ्यांनी पाहुणीचं बोलणं ऐकावं तसं ऐकून घेतलं.

मग मागून एक आजी म्हणाल्या, 'पोरी, ते ठीक शे. पण पाऊस येनार, हे आम्हाला आदल्या दिवशी कोन सांगनार? आन झाकायला ताडपत्री कोन देनार?'

सभेत पहिल्यांदा हालचाल झाली. आणि मला एकदम लाज वाटली, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिशात होतं. हवामान विभाग जिल्हावार इशारे देतो, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. ते रोज फोनवर येतात. पण पथारीवरच्या बायकांच्या फोनवर येत नाहीत, आणि आले तरी हाताला मिरची लागलेली असताना फोन कोण बघणार?

अर्धा तास खल झाला. शेवटी ठराव लिहिला गेला. ताडपत्र्यांची तरतूद पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्यात मांडायची आणि त्या महिला बचत गटाच्या ताब्यात ठेवायच्या. मिरचीच्या हंगामात रोज संध्याकाळी सात वाजता देवळाच्या भोंग्यावरून दुसऱ्या दिवशीचा अंदाज सांगायचा. 'पण रोज बघून सांगणार कोण?' सरपंचांनी विचारलं.

मामीनं मागून माझ्याकडे बोट दाखवलं. 'ही. दिवसभर फोनच तर बघत असते.'

सगळे हसले. पण इतिवृत्तात माझं नाव गेलं आणि मी सही केली. माझी दुसरी शपथ. हिच्यावर हिरवी वेलबुट्टी नव्हती, पण रोजची वेळ होती आणि विचारणारी माणसं होती.

तर सध्या मी रोज संध्याकाळी पावणेसातला हवामान विभागाचं पान उघडते, मोडक्या अहिराणीत एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करते आणि गावी पाठवते. माझ्या अहिराणीवर तिकडे भरपूर हसतात म्हणे. मल्टिप्लेक्समधून एकदा इंटरव्हलच्या आधीच बाहेर आले. डेडलाइनच्या नादात एकदा चक्क विसरले. पाऊस आला नाही, नशीब. पण आठ वाजता मामीचा फोन आला, 'आज भोंगा मुका का?' ओरडणं नाही, नुसता प्रश्न. ग्रामपंचायतीच्या ताडपत्र्या अजून यायच्या आहेत. मामा दर महिन्याला विचारून येतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही शहरातले, आम्हाला कुठे ग्रामसभा? बघा, महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो. पुण्यात तर बजेटमध्ये नागरिकांनी कामं सुचवायची पद्धत २००६ पासून सुरू झाली. तुमच्या शहरानं तुमच्या नावानं जगाला काय कबूल केलंय, ते एकदा वाचा. मग वॉर्ड ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारा, 'यातलं यंदा काय?' मीही विचारणार आहे, मतदार यादीत नाव कुठलंही असो.

चला, पावणेसात होत आले. उद्या हिरवा आहे. मिरची सुकेल.