पाऊस पडून राहिला आहे

आमच्या घराण्यातून शिक्षणासाठी परदेशी गेलेली पहिली व्यक्ती ना अभियांत्रिकीसाठी गेली, ना व्यवस्थापनशास्त्रासाठी. ती भाषा शिकायला गेली, आणि तीही जपानी. ऑक्टोबर २०१६ ते सप्टेंबर २०१७ हे वर्ष आमच्या लेकीने कानाझावा विद्यापीठात काढले. आप्तेष्टांचा पहिला प्रश्न होता, "वर्षाअखेरी पदवी कोणती मिळणार?" उत्तर होते, कोणतीही नाही. जपान सरकारची ही शिष्यवृत्ती परदेशी विद्यापीठांत जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी असते. वर्षभर तिथे राहायचे, भाषेत मुरायचे आणि परतून आपल्या विद्यापीठाची राहिलेली पदवी पुरी करायची. विमानभाडे आणि निर्वाहवेतन सरकार देते. ज्याचा जन्म शासकीय नस्त्यांत गेला, त्याला या वर्षाची नोंद कोणत्या रकान्यात करावी हा पेच पडणारच. तो पेच आमच्या घरी बरेच दिवस होता.

जपानी भाषेचे वेड तिला कुठून लागले, हे सांगता येणार नाही. घरात पु. लं.चे 'पूर्वरंग' होते, पण ते आम्ही वाचलेले, तिने नव्हे. इंदुरातल्या शाळेतून निघून ती २०१४ साली दिल्लीस जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानीच्या पदवी अभ्यासक्रमाला गेली, एवढे खरे.

मात्र तिच्या मराठीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिथे येऊन मिळते. होळकरांच्या काळात माळव्यात आलेल्या कुटुंबांची मराठी कशी आहे, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि माळवी, शाळेत इंग्रजी. आम्ही 'पाऊस पडत आहे' असे क्वचितच म्हणतो. आमच्याकडे पाऊस 'पडून राहिला आहे' आणि पाहुणे 'येऊन राहिले आहेत'. मुलगी बारा वर्षांची असताना पुण्यास एका लग्नाला गेलो होतो. मांडवात तिने कुणाला तरी सांगितले, "बाबा येऊन राहिले आहेत." त्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "राहिलेत ते कुठे? मुक्काम कोणाकडे?" मंडळी मनमोकळी हसली. त्यात दुष्टावा नव्हता. पण त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या माणसांसमोर मुलगी हिंदीत बोलू लागली, आणि दिल्लीस गेल्यावर हळूहळू दूरध्वनीवर आमच्याशीही. आम्ही मराठीत विचारावे आणि तिने हिंदीत उत्तर द्यावे, असा क्रम दोन वर्षे चालला. वडोदरे, ग्वाल्हेर, हैदराबाद कुठल्याही गावच्या मराठी घराला हा क्रम अपरिचित नसावा.

सुट्टीत घरी आली की ती आम्हा उभयतांना जपानी अक्षरे शिकवी. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी मूळ अक्षरे ४६. त्यांचा क्रम तिने म्हणून दाखवला आणि आम्ही चकित झालो: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही तर आपली वर्णमाला, काही दात पडलेली! बौद्ध धर्माबरोबर संस्कृताचे वर्णज्ञान चीनमार्गे जपानात गेले, आणि त्यावरून हा क्रम बसला. 'हा'चा उच्चार प्राचीन काळी 'पा' असा होता, म्हणून तो पवर्गाच्या जागी उभा आहे. 'सा' हा चवर्गाच्या जागी. कांजी म्हणजे चित्राक्षरे मात्र कठीण. नित्य वापराची सरकारमान्य यादी २०१० साली सुधारली गेली, तिच्यात २१३६ चिन्हे आहेत, आणि बहुतेक चिन्हांचे उच्चार एकाहून अधिक. पाण्याचे चिन्ह एकटे आले तर 'मिझु', जोडशब्दात आले तर 'सुइ'. आपण तहान लागली की 'पाणी' मागतो, पण खाते 'जलसंपदा' असते, तसेच हे. फरक इतकाच, की ते दोन्ही शब्द एकाच चिन्हाने लिहितात.

कानाझावा हे होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शहर, माएदा घराण्याच्या जहागिरीची जुनी राजधानी. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर बाँबवर्षाव झाला नाही, म्हणून जुने वाडे आणि गल्ल्या पुष्कळ टिकल्या. संस्थानी गावच्या माणसाला तिथे परके वाटू नये. पाऊस मात्र विलक्षण. शिदोरी विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, अशी तिकडची म्हणच आहे. हिवाळ्यात बर्फाबरोबर ढगांचा गडगडाट होतो. उद्यानातल्या पाइन वृक्षांच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून नोव्हेंबरच्या आरंभी उंच खांबांवरून दोर ताणून त्या बांधतात. ते छायाचित्र तिने पाठवले, तेव्हा आम्हाला आधी ते उत्सवाचे मंडपच वाटले.

डोंगरावरच्या विद्यापीठात तिचे वर्ग चालत: व्याकरण, निबंध, वृत्तपत्रवाचन, आणि वर्षाअखेरी जपानीतून एक प्रबंधिका. वर्गातली भाषा प्रमाण, म्हणजे टोकियोच्या धर्तीची. दिल्लीत ती हीच शिकली होती आणि तीत तरबेज झाली होती. पण डोंगर उतरून ओमिचो नावाच्या जुन्या बाजारात गेली, की अर्धे बोलणे डोक्यावरून जाई. भाजी विकणारी एक म्हातारी तिला 'किमाश्शी' म्हणे. पुस्तकात हे रूप नाही. त्याचा अर्थ 'ये हं', अशी मायेची आज्ञा. भाजी घेऊन पैसे दिले की 'किनोदोकुना' म्हणे. पुस्तकात याचा अर्थ 'बिचारे' किंवा 'दया येण्याजोगे'. मुलगी गोंधळली. मग उलगडा झाला, की त्या भागात आभार मानण्याची ही जुनी रीत आहे. 'माझ्यासाठी तुम्हाला तसदी पडली हो' असा तिचा भाव. आपल्याकडच्या आज्या 'अगं, कशाला एवढं?' म्हणून डबा हातात घेतात, तो हाच स्वर.

आणि एके दिवशी म्हातारी बाहेर पाहून म्हणाली, "आमे फुत्तोरु." प्रमाण जपानीत 'पाऊस पडत आहे' याला 'आमे गा फुत्ते इरु' म्हणतात. 'फुत्ते' म्हणजे 'पडून'. 'इरु' म्हणजे असणे, राहणे. कानाझावात 'इरु'च्या जागी 'ओरु' येते, अर्थ तोच, आणि दोन शब्द एकमेकांत मुरून 'फुत्तोरु' होते. शब्दशः मराठी केले तर काय होते, ते वाचकांनी करून पाहावे.

त्या रात्री दूरध्वनी आला. पहिलेच वाक्य, "आई, इथं पाऊस पडून राहिलाय." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. पुढचा पाऊण तास ती मराठीत बोलत होती, आणि विषय व्याकरणाचा! जपानीत 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन पाहणे', 'काइते ओकु' म्हणजे 'लिहून ठेवणे', 'ताबेते शिमाउ' म्हणजे 'खाऊन टाकणे'. घरातून निघताना जपानी माणूस 'जाते' म्हणत नाही, 'इत्ते किमासु' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येते'. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्या तिच्या सहाध्यायांना ही रूपे घोकावी लागत. तिला ती आजीने उंबऱ्यावर शिकवलेली होती. भाषाशास्त्र या दोन भाषांचे कूळ एक मानत नाही, आणि आम्हीही तसा दावा करीत नाही. साम्य हे नाते नव्हे. तरीपण परक्या घरात आपल्याकडच्या घडणीचे भांडे दिसले, की हात पुढे होतोच.

सगळेच जुळत नाही. आपण कोणासमोरही 'बाबा म्हणाले' असे आदराने बोलतो. जपानीत परक्यापुढे स्वतःच्या आईबापांना आदरार्थी रूप लावायचे नाही. 'चिची' म्हणजे नुसता 'बाप', आणि क्रियापदही नम्र. वर्षभर ती प्राध्यापकांना 'माझा बाप सरकारी नोकर आहे' अशा थाटात आमची ओळख देत होती. हे ऐकून आमच्यापैकी एकजण दोन दिवस खट्टू होता. कोण, ते लिहीत नाही.

पुढे तिने एका निबंधात 'फुत्तोरु' लिहिले. शिक्षिकेने त्याखाली लाल रेघ ओढली, आणि तास संपल्यावर तिला थांबवून सांगितले की आपणही याच शहरात वाढलो. परीक्षेत हे लिहू नकोस, बाजारात सोडू नकोस. एवढ्या समजूतदारपणे सांगणारे सर्वत्र आणि सर्वकाळी नव्हते. मेइजी काळात टोकियोची भाषा प्रमाण ठरली. पुढे विसाव्या शतकात ओकिनावाच्या शाळांत घरची बोली बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'होगेन-फुदा', म्हणजे बोलीची लाकडी पाटी, अडकवीत. दुसरा कोणी चुकला की ती त्याच्या गळ्यात जाई. प्रमाणभाषा हवीच, शासनव्यवहार तिच्यावाचून चालत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण पुण्याच्या मांडवातले ते हसणे आणि ही पाटी यांत अंतर किती, हा प्रश्न मुलीने आम्हाला विचारला होता. अंतर पुष्कळ आहे, असे आम्ही म्हणालो. मांडवातल्या हसण्याला पाटीची गरज पडली नाही, असे ती म्हणाली.

तिने प्रबंधिकेचा विषय घेतला बाजारातल्या स्त्रियांची बोली. २०१७ च्या वसंतात ती नोतो द्वीपकल्पावरच्या वाजिमा गावी गेली. तिथला सकाळचा बाजार फार जुना, आणि विकणाऱ्या बहुतांशी बाया. 'कोते कुदाऽ', म्हणजे 'घ्या ना हो', अशी त्यांची हाक. ती हाक तिने ध्वनिमुद्रित करून आणली. सप्टेंबरात परतली, पदवी पुरी केली, पुढचेही शिक्षण घेतले, आणि आता पुण्यात जपानी शिकवते. हो, पुण्यातच.

१ जानेवारी २०२४ रोजी नोतोला ७.६ प्रतीचा भूकंप झाला. पाठोपाठ लागलेल्या आगीत वाजिमाची ती बाजारपेठ जळून गेली. बातमी पाहताच मुलीने जुने संगणक धुंडाळून ती मुद्रणे बाहेर काढली. त्याच वर्षी मार्चमध्ये वाजिमाच्या त्या बायांनी आपला बाजार कानाझावाच्या बंदरात भरवला, गाव नसलेला गावचा बाजार. त्यांतल्या किती जणी माघारी जाऊन पुन्हा दुकान मांडतील, आणि कानाझावात राहिलेल्यांची नातवंडे कोणती बोली बोलतील, याचा विचार इंदूरच्या मराठी माणसाला सहज सुचतो.

मुद्रणातली एक फीत ती दरवर्षी वर्गात ऐकवते. बाई हाक घालते आहे आणि मागे सतत काही सळसळते. मुले विचारतात, तो आवाज कसला? ती सांगते, पाऊस पडून राहिला आहे. पुण्याची मुले हसतात आणि वहीत लिहून ठेवतात.