न दिलेले पाणी

वडील निवर्तल्यानंतर दोन वर्षांनी आम्हा दोघा भावांची वाटणी झाली आणि त्या वाटणीचे कागद मी स्वतः तयार केले, ही गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सारे त्या कागदांतून निघते. मी निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेला, महसुली दप्तरात कारकुनी करता करता केस पिकू लागलेला मनुष्य. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा, चौथीनंतर शाळा सोडून शेतावरच राहिलेला. चतुःसीमा कशा मांडाव्यात, कोणत्या शब्दाने हक्क उत्पन्न होतो आणि कोणता शब्द गाळल्याने तो बुडतो, हे मला ठाऊक होते. त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. क्षेत्र मी समसमान वाटले, त्यात एका गुंठ्याचाही फरक पडू दिला नाही. परंतु विहीर ज्या तुकड्यात होती तो तुकडा माझ्या हिश्श्यास आला, आणि पाण्याच्या पाळीविषयी जे एक वाक्य वाटणीपत्रात असावयास हवे होते ते त्यात आले नाही. मोठ्या भावाने लिहिले आहे, एवढ्या विश्वासावर त्याने न वाचता सही केली. पहिल्याच उन्हाळ्यात त्याची मिरची उभी वाळली, तेव्हा तो एकदा माझ्याकडे आला, ओट्याच्या कडेशी बसला आणि म्हणाला, “दादा, पाण्याचं काय करायचं?” मी त्याला कागद काढून दाखविला. त्यानंतर सात वर्षे तो माझ्याशी बोलला नाही.

या सात वर्षांत माझी देवपूजा एक दिवसही चुकली नाही. दर श्रावणात मी ज्ञानेश्वरीचे पारायण करीत असे, आणि तेराव्या अध्यायातील अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती या ज्ञानलक्षणांचा विस्तार माझ्या इतका मुखोद्गत होता की, मुलांना मी तो न पाहता म्हणून दाखवीत असे. सात वर्षे मी ‘अदंभित्व’ हा शब्द स्पष्ट उच्चारात म्हणत होतो आणि तो माझ्याविषयी आहे हे मला एकदाही जाणवले नाही. आपल्या घरचा ग्रंथ आपण इतका ऐकलेला असतो की, तो आपल्याला हाक मारतो आहे हेच ऐकू येत नाही. माझ्या बाबतीत तरी असेच झाले, आणि ती हाक दुसऱ्याच दारातून यावी लागली.

१९६१ साली माझी बदली खुलदाबादेस झाली. या गावाला जुनी माणसे अद्याप रौझा म्हणतात. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा येथे दर्गा आहे. त्याच्या आवारात पहिल्या निजामाची कबर आहे. आणि समोर जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या अंगणात, वर छप्पर नसलेल्या साध्या मातीत औरंगजेब निजला आहे. घाट उतरून तासाभराची वाट चालले की वेरूळ लागते, जेथे बौद्ध, ब्राह्मणी आणि जैन अशी चौतीस लेणी एकाच डोंगराच्या कुशीत क्रमाने कोरलेली आहेत. आणि दुसऱ्या बाजूस दौलताबादचा किल्ला, जेथे एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि जेथे त्यांच्यासाठी गुरुवारची सुटी असे, असे परंपरा सांगते. याच भूमीवर इतक्या वाटा एकमेकींस छेदून गेल्या आहेत. मी मात्र तेथे केवळ नोकरीसाठी गेलो होतो.

आमच्या कचेरीतील एका शिपायाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जाऊन बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेतली होती. अबोल, नेमस्त, टपाल कधी उशिरा न पोहोचविणारा मनुष्य. वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो माझ्या मेजापाशी उभा राहिला आणि म्हणाला, “रावसाहेब, उद्या आमची मंडळी लेण्यात वंदना घेणार आहेत. आपल्याला यायचं असलं तर या.” मी गेलो, तो जिज्ञासेने, श्रद्धा वगैरे काही नव्हती.

दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण त्याच्या छताला लाकडी घराच्या वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. सुतार मंडळी तेथे विश्वकर्म्याच्या भावनेने येऊन हात जोडतात. आत अष्टकोनी खांबांच्या दोन रांगा, शेवटी स्तूप, आणि स्तूपाच्या पुढे पाय खाली सोडून बसलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती. लेण्यांची तोंडे पश्चिमेस असल्यामुळे दुपार कलली की वरच्या गवाक्षातून ऊन आत शिरते. ते ऊन मूर्तीच्या गुडघ्यांवरून हळूहळू चढत असताना पंधरावीस माणसे, बायकामुलांसह, पांढरी वस्त्रे नेसून खाली दगडावर बसली आणि त्यांनी त्रिसरण व पंचशील म्हणावयास प्रारंभ केला. त्या छताखाली आवाज विरत नाही. एक शब्द उच्चारला की तो फासळ्यांवरून फिरून पुन्हा आपल्याकडे येतो. पाली मला येत नव्हती, परंतु संस्कृताच्या आधाराने शब्द उमगत होते. दुसऱ्या शीलापाशी माझ्या कानावर ‘अदिन्नादाना’ हा शब्द आला, आणि फासळ्यांवरून परतून तो दुसऱ्यांदा आला.

बाहेर पडल्यावर मी त्या शिपायाला विचारले की, हे शील चोरी न करण्याचेच ना. तो थोडा थांबला. मग म्हणाला, “चोरी म्हणतात खरं, रावसाहेब, पण शब्दाचा अर्थ न दिलेलं घेणं असा आहे. ज्याचं आहे त्यानं दिलेलं नसेल तर घ्यायचं नाही.” एवढे बोलून तो मुलाला घेऊन पुढे चालू लागला. त्याला माझ्या वाटणीपत्राची काहीच वार्ता नव्हती.

चोरी मी केली नव्हती. जगातल्या कोणत्याही अदालतीत माझ्यावर चोरीचा आरोप टिकला नसता. कागद नोंदणीकृत होता, साक्षीदार होते, भावाची सही होती. परंतु त्याने दिले होते काय, या प्रश्नाला त्या कागदात उत्तर नव्हते. घाट चढताना मी तीनदा थांबलो, आणि दम लागल्यामुळे थांबतो आहे अशी स्वतःची समजूत घातली.

याउपर लागलीच भावाकडे गेलो असतो तर ही हकीकत येथेच संपली असती. परंतु मनुष्य इतक्या सहज वळत नाही. मी चार महिने ग्रंथ वाचीत राहिलो. तालुक्याच्या वाचनालयातून विनोबांची गीता-प्रवचने पुन्हा आणली, जी त्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितली आणि साने गुरुजींनी उतरून घेतली. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आणले. १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापल्या गेलेल्या त्या मराठी ओव्या १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत आणल्या म्हणून माझ्यासारख्याला वाचता आल्या. इंग्लंडात जन्मलेल्या एका पाद्र्याने ज्ञानेश्वरांच्या छंदात येशूचे चरित्र गावे, याचे मला अतोनात आश्चर्य वाटले. मी टिपणे काढू लागलो. एका बाजूस गीता, दुसऱ्या बाजूस धम्मपद, तिसऱ्या बाजूस शुभवर्तमान, आणि कोठे काय जुळते त्याचे रकाने. सर्व धर्मांचे सार एकच आहे, हे वाक्य मी त्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते. ते वाक्य लिहिल्याने मला फार समाधान वाटले, आणि त्या समाधानात विहीर पुन्हा माझीच राहिली. आज मला वाटते की, नाना धर्मांतली सुभाषिते वेचून हार करणे ही साधना नव्हे. प्रत्येक धर्म कोठेतरी आपल्यापाशी काही मागतो, आणि ती मागणी ऐकण्यासाठी त्याच्या अंगणात जाऊन बसावे लागते. विनोबा कुराण वाचावयास अरबी शिकले, ते याचसाठी असले पाहिजे.

माझ्या बिऱ्हाडाशेजारी एक वृद्ध मुसलमान गृहस्थ राहत. निजामी राजवटीत त्यांनी पेशकारी केली होती, आणि जुन्या इनामांच्या मिसली वाचताना शिकस्ता अक्षर अडले की मी त्यांच्याकडे जात असे. दर्ग्याच्या दिवाबत्तीचे, मठाच्या नैवेद्याचे, मंदिराच्या नंदादीपाचे इनाम, अशी नाना प्रकरणे आम्ही एकत्र वाचली. एका गुरुवारी संध्याकाळी ते मला दर्ग्यात घेऊन गेले. ऊद जळत होता, एक आंधळा मनुष्य खांबाला टेकून पुटपुटत बसला होता, आणि आम्ही चिंचेखालच्या फरसबंदीवर बसलो. त्या दिवशी मी त्यांना वाटणीची गोष्ट प्रथम सांगितली; तीही अशा बेताने की जणू दुसऱ्या कोणाच्या प्रकरणात कायदेशीर अभिप्राय विचारतो आहे.

त्यांनी अभिप्राय दिला नाही. त्यांनी मला पैगंबरसाहेबांची एक कथा सांगितली. एकदा त्यांनी सोबत्यांना विचारले की, मुफलीस कोण. सोबती म्हणाले, ज्याच्यापाशी पैसाअडका नाही तो. तेव्हा ते म्हणाले की, माझ्या लोकांतला खरा मुफलीस तो, जो निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजा आणि जकात यांची मोठी पुंजी घेऊन येईल, परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचे द्रव्य खाल्लेले असेल; मग त्याची पुण्ये त्या त्या माणसांना वाटून देण्यात येतील, आणि पुण्ये सरली तरी देणे उरले तर त्यांची पापे त्याच्या नावे चढविली जातील. पेशकारसाहेब म्हणाले की, यालाच आमच्यात हक्कुल‑इबाद म्हणतात, बंद्यांचा हक्क. अल्लाचे जे देणे आहे त्याची माफी अल्ला देईल, पण बंद्याचे जे देणे आहे त्याची माफी त्या बंद्यानेच द्यावयाची असते.

मी आयुष्यभर वसूल‑बाकीचे तक्ते लिहिले होते. जमेचा रकाना आणि नावेचा रकाना मला दुसऱ्या कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. माझी पारायणे, माझे उपवास, पहाटेची स्नाने ही सारी जमेची रक्कम एका मिरचीच्या वाफ्याकडे वर्ग होत असलेली मला त्या फरसबंदीवर बसल्या बसल्या दिसली. ‘हक्क’ हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा लिहीत असे. तो आपल्यावर उलटू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मला रडू आले. पेशकारसाहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते त्या आंधळ्या माणसाच्या वाटीत काही टाकण्यासाठी उठून गेले, आणि हे त्यांचे उठून जाणे मी कधी विसरणार नाही.

त्या रात्री मी वही काढली आणि पहिल्या पानावरचे ठळक वाक्य खोडले. ते असत्य आहे असे माझे म्हणणे नाही. ते लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातील एक स्थळ, जे मी रकान्यात केवळ नोंदवून ठेवले होते, ते पुन्हा वाचले: वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे तुला आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. दोन महिन्यांपूर्वी मी या स्थळाच्या समोर ‘तुलनीय: क्षांती’ असा शेरा मारला होता.

भाद्रपद लागला होता. ज्यांच्या दुकानातून मी कापड घेत असे ते ओसवाल जैन शेठजी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी आले आणि हात जोडून म्हणाले, “मिच्छामि दुक्कडं.” वर्षभरात माझ्या हातून काही वाईट झाले असेल तर ते मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. मी गोंधळून म्हटले की, आपण माझे काही वाईट केलेले नाही. ते म्हणाले, “ते मला कसं कळणार? तुम्हाला कळणार. म्हणून मी आलो.” मी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला.

भाऊ गोठ्यात होता. बैलांना वैरण टाकीत होता. मी उंबऱ्याशी उभा राहिलो, पायताण काढले, आणि जे बोलावयाचे ठरविले होते त्यातले काहीच आठवेना. एवढेच म्हणालो की, विहीर मी तुला न विचारता घेतली, ती चूक जाणूनबुजून होती, आणि मी ती दुरुस्त करावयास आलो आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द उच्चारणे मला त्या साऱ्या प्रवासात सर्वांत जड गेले. तो वैरण टाकावयाचा थांबला नाही. कडब्याची पेंढी सोडून त्याने ती दोन्ही बैलांपुढे नीट सारखी वाटली, हात झटकले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “फेरफार झाला की कळवा.” पूर्वी तो मला ‘दादा, तू’ म्हणत असे.

पूरक पत्र मी केले, परंतु या खेपेस ते मी लिहिले नाही. गावातल्या शाळामास्तरांकडून लिहवून, भावाला मोठ्याने वाचून दाखवून, मगच दोघांनी सह्या केल्या. विहिरीत त्याचा निम्मा हिस्सा, आणि वाया गेलेल्या सात उन्हाळ्यांच्या बदल्यात पाण्याची एक पाळी त्याला अधिक. फेरफार मंजूर होऊन आला तेव्हा मी पेशकारसाहेबांना त्याची नक्कल दाखविली. त्यांनी चष्मा लावून ती प्रथमपासून शेवटपर्यंत वाचली, एका चतुःसीमेतील लेखनदोष दाखविला, आणि कागद माझ्या हाती परत दिला.

ज्ञानेश्वरी मी आजही वाचतो. धर्म मी बदलला नाही आणि बदलावा असे मला कोणी सुचविलेही नाही. तेरावा अध्याय मात्र आता न पाहता म्हणत नाही. पोथी समोर ठेवून, बोट ओळीवर ठेवून वाचतो. सोमवार ते गुरुवार विहिरीचे पाणी भावाचे असते, उरलेले तीन दिवस माझे. तो अजून मला दादा म्हणत नाही. दरवर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दाराशी जातो. गेल्या वर्षी त्याने घोंगडी अंथरली.