नाण्याएवढे कासव

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात काचेच्या एखाद्या लहानशा टाकीत हिरव्या रंगाची इवलीशी कासवे पोहताना दिसतात. पाठ जेमतेम मोठ्या नाण्याएवढी, अंगावर पिवळ्या रेषा, आणि डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना कुंकवाचे बोट ओढावे तसा तांबडा पट्टा. मान उंचावून ती काचेपलीकडे पाहू लागली की मुलांची पावले तेथेच थबकतात. दुकानदार सांगतो, "याला काही लागत नाही. चार दाणे टाकले की झाले." घरात कासव असले म्हणजे लक्ष्मी स्थिर राहते, असेही कोणी शेजारी उभा राहून सांगतो. कासवाविषयी आपल्याकडे आधीच मोठी आपुलकी. देवळात गेलेला माणूस गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून मगच पुढे होतो. त्या दगडी कासवाला मात्र खरोखरच काही लागत नाही.

काचेतल्या कासवाची गोष्ट निराळी आहे. त्याचे मूळ घर फार दूर, अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. तेथे ही कासवे पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर एकमेकांच्या पाठीवर चढून ऊन खात बसतात आणि जरा चाहूल लागली की सर्रकन घसरून पाण्यात नाहीशी होतात. म्हणूनच इंग्रजीत त्यांना 'रेड इअर्ड स्लायडर', म्हणजे लाल कानाचे घसरणारे कासव म्हणतात. तो लाल पट्टा म्हणजे काही कान नव्हे. पण नावे ठेवणाऱ्यांना एवढी सवलत द्यावी लागते.

ऊन खाणे ही या कासवाची चैन नसून गरज आहे. त्याचे रक्त आपल्यासारखे आपोआप उबदार राहत नाही. अंगाला ऊब मिळाली तरच त्याला भूक लागते व खाल्लेले पचते. उन्हातील अतिनील किरणांवाचून त्याची पाठ टणक होत नाही. ती मऊ पडते, वाकडी वाढते. हे किरण खिडकीची काच बहुतांशी अडवून धरते. त्यामुळे खिडकीपाशी ठेवलेल्या टाकीतले कासव उजेडात असूनही उपाशीच असते म्हणावयाचे! त्याला पोहण्यास खोल पाणी हवे, पाण्याबाहेर येऊन अंग सुकविण्यास कोरडी जागा हवी, वर खास दिवा हवा. ते पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. तेव्हा पाणी गाळण्याचे यंत्रही हवे. त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासव त्यांनी आजारी पडत नाही, पण लहान मुले पडतात. या कारणाने अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवे विकण्यास बंदी घालण्यात आली.

दुकानदाराच्या 'काही लागत नाही' या तीन शब्दांत इतके सगळे दडलेले असते.

अशाच एका घरात बारा वर्षांच्या मुलाने कासवासाठी हट्ट धरला. आजोबांनी 'नाही' म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, "पूर्ण वाढलेले कासव केवढे होते, ते शोधून काढ आणि मला जमिनीवर काढून दाखव." मुलाने पुस्तके चाळली. मादी पंचवीस सेंटिमीटरहून मोठी होऊ शकते, असे त्याला कळले. त्याने पट्टी ठेवून खडूने कासव काढले, मग त्याच्याभोवती चार फूट लांबीची टाकी काढली. टाकीची रेघ कपाटाच्या दारापर्यंत गेली.

"आणि जगते किती?"

"वीस-तीस वर्षे, आजोबा."

"म्हणजे तू बेचाळीस वर्षांचा होशील. मी तेव्हा नसेन. तू शिकायला परगावी जाशील, नोकरीला आणखी कुठे. पाणी कोण बदलणार?"

मुलाने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस."

"मग मोठे झाले की तळ्यात सोडून देऊ," मुलगा म्हणाला.

मराठीत शब्द पाळतात, पथ्य पाळतात, तसेच जनावरही पाळतात. शब्द दिल्यावर तो अर्ध्या वाटेवर तळ्यात सोडता येत नाही. पण मुलाच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. कासवाला पाणी मिळेल, मोकळीक मिळेल, असेच त्याला वाटले असणार. पुष्कळ मोठ्या माणसांनाही तसेच वाटते, आणि तेथूनच दुसरे संकट सुरू होते.

२०१८ ते २०१९ या काळात अभ्यासकांना ही अमेरिकन कासवे गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या विस्तीर्ण जलाशयात आणि शहरातील उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आढळली. मिसिसिपीहून ती आपल्या पायांनी आली नव्हती, हे सांगावयास नको. आसामात देवळांची तळी म्हणजे कासवांची माहेरघरे. तेथील काळे मऊ पाठीचे कासव निसर्गातून नाहीसे झाले, असे २००२ मध्ये जाहीर झाले होते. भाविकांनी मुरमुरे खाऊ घालून जपलेल्या या तळ्यांत ते तगून राहिले. अशा ठिकाणी दांडगा पाहुणा शिरला की ऊन खाण्याची जागा तो बळकावतो, अन्नात वाटेकरी होतो आणि कधी नवे रोगही आणतो. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत या कासवाचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आपल्याकडे बहुतेक देशी कासवे बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. परक्या कासवाला ती तशी आड येत नसे, म्हणून दुकानाच्या टाकीत ते आले. यात त्या बिचाऱ्या कासवाचा दोष काय?

ज्यांच्या घरी असे कासव आधीच आहे, त्यांना ते नीट सांभाळावे लागेल. न जमल्यास वनखात्याला किंवा प्राण्यांच्या वैद्याला विचारावे. तळे हा त्यावरचा उपाय नव्हे.

त्या मुलाने कासव आणले नाही. चार दिवस तो रुसला आणि खडूची टाकी ओलांडताना तेवढी वळसा घालून जात राहिला. मार्चमध्ये आजोबा त्याला रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला घेऊन गेले. तेथे समुद्रकासवांच्या माद्या किनाऱ्यावर अंडी घालून निघून जातात. सह्याद्री निसर्गमित्र ही चिपळूणची संस्था आणि गावकरी २००२ पासून ती अंडी कुंपणात जपत आले आहेत. सकाळी कार्यकर्त्याने वाळूवरची टोपली उचलली, तेव्हा खाली काळीभोर पिल्ले वळवळत होती, प्रत्येक मुठीत मावेल एवढे. ती समुद्रापासून काही अंतरावर ठेवण्यात आली. दोरीच्या अलीकडे उभा राहून मुलगा एका पिल्लावर नजर ठेवून होता. ते ओल्या वाळूवर पोचले, थांबले, पुन्हा निघाले. पहिल्या लाटेने त्याला मागे लोटले. दुसरी त्याला घेऊन गेली.